मस्तकावरील दर्जा : प्राचीन इजिप्तमधील केशरचना आणि समाज

काही दिवसांपूर्वी ग्रंथालयात प्राचीन इजिप्तच्या चित्रांचा एक संग्रह चाळीत बसलो होतो. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ उपासकांनी एका चित्रावर बोट ठेवून विचारले, "सर, हे मुंडण केलेले कोण? तिकडेही भिक्खू होते काय?" चित्रात शुभ्र तागाची वस्त्रे नेसलेले, डोकी तुळतुळीत केलेले काही पुरुष देवतेची नौका खांद्यावर वाहून नेत होते. ते देवळातील पुजारी होते, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. परंतु ते उत्तर अपुरे होते, ही जाणीव मागाहून होत राहिली. इजिप्तमध्ये डोके कोणी भादरावे, केस कोणी वाढवावेत, दुसऱ्याचे केस कोणी मस्तकावर मिरवावेत आणि ते विंचरण्यासाठी कोणाचे हात राबावेत, या गोष्टींत त्या समाजाची अवघी उतरंड गुंतलेली आहे. त्या प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम साधनांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण या विषयात अनेकांची गफलत तेथेच होते. इजिप्तमधील केशरचनेची माहिती आपणास दोन वाटांनी मिळते. एक वाट कबरींच्या भिंतींवरील चित्रांची, कोरीव शिल्पांची आणि पुतळ्यांची. दुसरी वाट प्रत्यक्ष मृतदेहांची. नाईलच्या दोन्ही तीरांवरील वाळवंट इतके कोरडे आहे की तेथे पुरलेल्या माणसाचे केस तीन-चार हजार वर्षे टिकून राहतात. वेणीचे पेड, त्यांना लावलेले मेण, एवढेच काय पण उवा आणि लिखासुद्धा जशाच्या तशा सापडतात. पहिल्या वाटेने जाणाऱ्यास वैभव दिसते, कारण कबरी रंगवून घेणारे लोक राजे, अमात्य, लेखक, पुजारी असे होते. आपण कसे दिसावे आणि आपले नोकरचाकर कसे दिसावेत, हे दोन्ही त्यांनीच ठरविले. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यास मात्र कधी कधी असे काही आढळते की जे पहिल्या वाटेवरच्या चित्रकाराने कधीच दाखविले नसते. या दोहोंचा मेळ नेहमीच बसतो असे नाही.

जन्मापासून आरंभ करू. इजिप्तमधील लहान मुलाचे डोके भादरून उजव्या कानामागे केसांची एकच बट राखीत, आणि ती वेणीसारखी गुंफून खांद्यावर सोडीत. बालरूपातील होरस या देवाचीही हीच खूण मानली गेली आहे. मुलगा वयात आला की ही बट जात असे. परंतु एकोणिसाव्या राजवंशाच्या काळात, म्हणजे इ. स. पू. तेराव्या शतकात, राजपुत्र प्रौढ झाले तरी त्यांच्या चित्रांतील ही बट नाहीशी होत नाही. उलट ती अधिक रुंद, अधिक नक्षीदार होते. दुसऱ्या रामेसिसचा पुत्र खाएमवासेत हा मेम्फिस येथे प्ताह देवाचा पुजारी होता. त्याच्या मस्तकावरील बट बाल्याची राहिलेली नाही. ती राजकुलाची आणि पदाची निशाणी झालेली आहे. मुलाचे जे चिन्ह सर्वांना सामाईक होते, तेच मोठेपणी काही मोजक्यांचा मान ठरले. सामाजिक चिन्हांचा प्रवास असाच होत असतो.

आता त्या पुजाऱ्यांकडे वळू. इ. स. पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेलेला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने लिहून ठेवले आहे की, इतर देशांतील पुजारी केस वाढवितात, इजिप्तमधील पुजारी मात्र दर एक दिवसाआड सर्वांगाचे केस काढतात, जेणेकरून देवाच्या सेवेत असताना अंगावर ऊ वा दुसरी घाण असू नये. दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा ते थंड पाण्याने स्नान करीत, अंगावर तागाचेच वस्त्र घेत. वाचकांच्या मनात साहजिकच भिक्खूसंघाचे चित्र उभे राहील. पण येथे सावध राहिले पाहिजे. विनयपिटकातील चुल्लवग्गात केस दोन महिन्यांपेक्षा किंवा दोन अंगुळांपेक्षा अधिक वाढू देऊ नयेत असा नियम आहे, तो घर सोडलेल्या माणसासाठी आहे. केसांबरोबर कूळ, संपत्ती आणि पूर्वीची ओळखही तेथे मागे पडते. इजिप्तच्या पुजाऱ्याने असे काहीच सोडलेले नसे. देवळातील सामान्य पुजाऱ्यांचे चार गट असत आणि ते आळीपाळीने एकेक महिना सेवा करीत. पाळी संपली की तो घरी परते. त्याला बायकामुले असत, शेती असे, बहुधा दुसरा एखादा हुद्दाही असे. पुजारीपण बापाकडून मुलाकडे जाणे ही तर नित्याची गोष्ट होती. त्याचे मुंडण ही देवळाच्या उंबऱ्यापुरती शुचिता होती आणि ती शुचिताच पुन्हा मानाचे कारण होती. म्हणजे बाह्यतः एकसारखी दिसणारी दोन मस्तके, पण एक दर्जा उतरवून ठेवल्याची खूण आणि दुसरे दर्जा धारण केल्याची. त्या उपासकांना मी हे सांगावयास हवे होते.

हेरोडोटसचे आणखी एक निरीक्षण गमतीचे आहे. पेलुसियम येथील रणभूमीवर इराणी आणि इजिप्शियन सैनिकांच्या कवट्या वेगवेगळ्या पडलेल्या त्याने पाहिल्या; इराणी कवटी खड्याने फुटे, इजिप्शियन दगडाने फुटत नसे, आणि त्याचे कारण म्हणे लहानपणापासून डोके भादरून उन्हात वावरण्याची सवय! हे शरीरशास्त्र कोणी मनावर घेऊ नये. पण या व अशा उल्लेखांवरून सगळेच इजिप्शियन मुंडण करीत आणि वरून टोप घालीत, अशी जी समजूत पुढे रूढ झाली, ती मात्र खोडून काढणे आवश्यक आहे. मेदूम येथे १८७१ साली सापडलेले राहोतेप आणि त्याची पत्नी नोफ्रेत यांचे पुतळे कैरोच्या संग्रहालयात आहेत. ते चौथ्या राजवंशाच्या आरंभीचे, इ. स. पू. २६०० च्या सुमाराचे. राहोतेपचे केस आखूड आहेत आणि ओठांवर बारीक मिशी आहे. नोफ्रेतच्या मस्तकावर जाड, काळा, खांद्यापर्यंत उतरलेला टोप आहे, त्यावर फुलांची नक्षी असलेली पट्टी आहे, आणि टोपाच्या कडेखाली कपाळावर तिचे स्वतःचे केस मधोमध भांग पाडून चापून बसविलेले स्पष्ट दिसतात. शिल्पकाराने ते मुद्दाम दाखविले आहेत. टोप हा टकलेपणा झाकण्यासाठी नव्हता. स्वतःचे केस असताना वरून आणखी केस घालणे, यातच त्याची प्रतिष्ठा होती.

ही प्रतिष्ठा कशाची होती, हे कळण्यासाठी टोप कसा तयार होई ते पाहावे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये थीब्ज येथे सापडलेला अठराव्या राजवंशाच्या काळातील एक टोप आहे. त्याच्या माथ्यावर फिकट तपकिरी कुरळ्या केसांचा झुपका असून खाली शेकडो बारीक वेण्या लोंबतात. १९७० च्या दशकात त्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात मानवी केसांचे सुमारे ३०० पेड आणि प्रत्येक पेडात सुमारे ४०० केस, म्हणजे एकंदर सव्वा लाखाच्या आसपास केस असल्याचे आढळले. केसांचे टोक जाळीच्या दोऱ्याभोवती वळवून गाठ मारायची आणि दोन भाग मेण व एक भाग राळ यांच्या मिश्रणाने ती पक्की करायची, अशी ती रीत. मेण तापवून लावले की थंड झाल्यावर कुरळी बट तशीच राहते. वाचकांनी क्षणभर कल्पना करावी: सव्वा लाख केस गोळा करणे, धुणे, लांबीप्रमाणे निवडणे, पेड पाडणे, एकेक पेड गाठवणे. टोप म्हणजे मस्तकावर घातलेले दुसऱ्यांचे श्रम होते, आणि ते केसही दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर वाढलेले होते.

असे असले तरी टोप हा राजवाड्यापुरताच होता, असे मात्र नाही. देर अल-मदिना येथे राजांच्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगविणाऱ्या कारागिरांची वसाहत होती. तेथील खा नावाच्या बांधकाम-प्रमुखाची आणि त्याची पत्नी मेरित हिची कबर १९०६ साली इटालियन संशोधक स्कियापारेल्ली यांना अभंग अवस्थेत सापडली. त्यातील बहुतेक सर्व सामान आज तुरीन येथील संग्रहालयात आहे. मेरितचा लांब कुरळ्या केसांचा टोप तिच्या नावाच्या उंच लाकडी पेटीत ठेवलेला होता. हजारो वर्षांनंतरही त्याच्या बटांवरील लकाकी गेलेली नाही. खा हा सरदार नव्हता. हातात मापाची काठी घेऊन काम करणाऱ्यांपैकी, पण त्यांचा नायक होता. तूतांखामेनच्या कबरीतही टोप ठेवण्याची पेटी होती आणि मेरितजवळही होती. दोघांमध्ये अंतर प्रचंड होते, पण ते टोप असण्या-नसण्याचे नव्हते.

येथे एका प्रचलित विधानाचा समाचार घेणे भाग आहे. दासांना आणि कनिष्ठ वर्गाला टोप घालण्यास कायद्याने बंदी होती, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत बिनदिक्कत लिहिलेले असते. असा कायदा सांगणारा एकही इजिप्शियन लेख ही पुस्तके पुढे करीत नाहीत. आपल्या देशात वस्त्र, अलंकार, छत्री आणि पादत्राणे यांवर धर्मशास्त्राने आणि रूढीने घातलेली बंधने आपण जाणतो, त्यामुळे असे विधान आपल्याला चटकन पटते. परंतु एका समाजाचे दुखणे दुसऱ्या समाजाच्या माथी मारून इतिहास लिहिता येत नाही. इजिप्तमध्ये भेद होता, तो खर्चाचा, फुरसतीचा आणि नोकर बाळगण्याच्या ऐपतीचा होता. उन्हात चिखल तुडविणाऱ्यास मेण लावलेला टोप परवडत नव्हता आणि सोयीचाही नव्हता. बंदीची गरजच पडत नव्हती.

ऐपतीचा हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो तो केस सावरणाऱ्या हातांमध्ये. अकराव्या राजवंशातील राजा दुसरा मेंतुहोतेप याची राणी कावित हिची दगडी शवपेटी कैरो येथे आहे, काळ इ. स. पू. २०५० च्या सुमाराचा. तिच्या एका बाजूवर राणी आसनावर बसलेली आहे, एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातातील प्याला ओठांशी नेलेला. तिच्या मागे उभी असलेली दासी बोटांच्या हलक्या हालचालीने एक कुरळी बट सावरीत आहे आणि बाकीच्या बटा आकड्याने वर अडकविलेल्या आहेत. दासीची बोटे शिल्पकाराने इतक्या नजाकतीने कोरली आहेत की राणीच्या चेहऱ्यापेक्षा दृष्टी तेथेच खिळते. याच राजाची दुसरी राणी नेफेरू हिच्या कबरीतील शिल्पखंड अमेरिकेत ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहेत. त्यांवर केशरचना करणाऱ्या दोघींची नावेही कोरलेली आहेत, इनू आणि हेनुत. चार हजार वर्षांपूर्वीच्या दोन सेविकांची नावे आपणास ठाऊक आहेत, ही साधी गोष्ट नव्हे.

राजाच्या शरीरास हात लावण्याचा अधिकार ज्याला, तो पुरुष तर थेट वर चढे. पाचव्या राजवंशातील टी नावाच्या अधिकाऱ्याची सक्कारा येथील विशाल कबर इजिप्त पाहणाऱ्या प्रवाशांना परिचित आहे. पुढे तो राजांच्या पिरॅमिडांचा आणि सूर्यमंदिरांचा व्यवस्थापक झाला, परंतु त्याच्या बिरुदांत राजवाड्यातील केशरचनाकारांचा प्रमुख हेही एक बिरुद आहे, आणि ते त्याने लपविलेले नाही.

आता याच कामाचे दुसरे टोक पाहा. मध्य राज्याच्या काळात रचलेली एक बोधपर कृती आहे, तिला अभ्यासक 'धंद्यांची उपहासिका' म्हणतात. दुआ-खेती नावाचा बाप आपल्या मुलाला लेखनशाळेत घालण्यास नावेतून घेऊन जात असता एकामागून एक सर्व धंद्यांची दुर्दशा वर्णन करतो: लोहार, कुंभार, विणकर, परीट, आणि त्यांत न्हावीही. दिवस मावळेपर्यंत हा बिचारा हजामती करीत राहतो, भादरायला कोणी मिळेल काय म्हणून गल्लीबोळांतून फिरतो आणि पोटाला मिळावे म्हणून हात झिजवितो, असा त्याचा आशय. लेखकाचा धंदा मात्र सर्वांत श्रेष्ठ! ही कृती शाळेतील मुलांकडून पिढ्यान् पिढ्या उतरवून घेतली जाई आणि म्हणूनच तिच्या इतक्या प्रती उरल्या. वाचताना हसू येते. परंतु हे हसणे लेखणी धरणाऱ्याचे आहे, वस्तरा धरणाऱ्याचे नव्हे, याचा विसर पडू देऊ नये. हातांनी काम करणाऱ्याला हीन लेखण्याचे शिक्षण असे अक्षर गिरविता गिरविता दिले जात होते.

या पार्श्वभूमीवर थीब्ज येथील उसेरहात नावाच्या राजलेखकाच्या कबरीतील चित्र मला फार बोलके वाटते. काळ दुसऱ्या आमेनहोतेपचा, इ. स. पू. पंधराव्या शतकातला. सैन्यात नव्याने भरती केलेल्या पोरांचे केस झाडाखाली कापले जात आहेत. न्हावी एकाच्या डोक्यावर वाकला आहे. बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसले आहेत. कोणी गुडघ्यात मान घालून पेंगतो आहे, दोघे एकाच बैठकीवर दाटीने बसले आहेत. गावाकडे पिंपळाखाली हजामतीला बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. पण ही विश्रांती नव्हे. गावातून आणलेल्या तरुणाचे केस उतरविले की तो राजाचा सैनिक झाला. पुजाऱ्याचे मुंडण मान देते, या पोरांचे मुंडण त्यांना गणतीत आणून बसविते. वस्तरा तोच.

केसांवरील सत्तेचे अत्यंत जुने आणि अत्यंत उघड चित्र मात्र याहून कितीतरी आधीचे आहे. हिएराकोन्पोलिस येथे १८९७-९८ च्या उत्खननात सापडलेली राजा नार्मेरची शिलापट्टिका इ. स. पू. ३१०० च्या सुमाराची मानली जाते. तिच्यावर राजाने गदा उगारलेली आहे आणि डाव्या हाताने समोर गुडघे टेकलेल्या शत्रूचे केस मुठीत धरलेले आहेत. हेच दृश्य पुढे तीन हजार वर्षे देवळांच्या भिंतींवर कोरले गेले; कधी एका शत्रूच्या जागी शत्रूंची मोळीच असते आणि राजाने सगळ्यांच्या शेंड्या एकत्र धरलेल्या असतात. इजिप्तवर रोमन सम्राटांची सत्ता आली तरी ही मूठ सुटली नाही. फक्त हात रोमन झाला. राजाचे स्वतःचे केस मात्र या चित्रांत सहसा दिसतच नाहीत. ते मुकुटाखाली किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या वस्त्राखाली झाकलेले असतात. ज्याचे केस कोणाच्या हाती लागत नाहीत तो राजा, आणि ज्याचे हाती लागतात तो जिंकलेला.

परकीयांना ओळखण्याची खूणही केसच. लिबियन मनुष्य बाजूला लोंबणाऱ्या बटेवरून, पश्चिम आशियातील मनुष्य मानेवर रुळणारे केस आणि टोकदार दाढी यांवरून, दक्षिणेकडील न्यूबियन मनुष्य बारीक कुरळ्या केसांवरून चित्रकार दाखवी. तूतांखामेनच्या पायपुसण्यांसारख्या पादपीठांवर, चपलांच्या तळव्यांवर आणि काठ्यांच्या मुठींवर असे बांधलेले न्यूबियन आणि आशियाई कोरलेले आहेत, म्हणजे राजाने पाऊल टाकले की ते पायाखाली यावेत. आणि चमत्कार पाहा, त्याच्या थोडेच आधी आखेनातेनच्या दरबारात राजस्त्रियांनी जो आखूड, थराथरांच्या कुरळ्या बटांचा टोप आवडीने घातला, त्यास आजचे अभ्यासक 'न्यूबियन टोप' म्हणतात. सैन्यातील न्यूबियन सैनिकांच्या केसांवरून तो आला असावा, असे सिरिल आल्ड्रेड यांनी १९५७ साली प्रतिपादिले. ज्यांच्या प्रतिमा पायाखाली तुडवावयाच्या, त्यांचीच केशरचना राणीच्या मस्तकावर!

याचीच उलट बाजू माईहेरप्री याच्या बाबतीत दिसते. १८९९ साली राजांच्या खोऱ्यात त्याची कबर सापडली. राजवाड्यातील बालशाळेत वाढलेला हा तरुण दरबारी त्याच्या शवाबरोबरच्या ग्रंथात गडद वर्णाचा आणि कुरळ्या केसांचा दाखविला आहे, तो न्यूबियन वंशाचा असावा. ममी उघडल्यावर असे दिसले की ते बारीक कुरळे केस म्हणजे भादरलेल्या डोक्यावर चिकटविलेला टोप आहे. राजांच्या शेजारी पुरला जाण्याइतका मान मिळविलेल्या या माणसाने आपल्या लोकांच्या केसांसारखाच टोप का घातला असावा? मला वाटते, त्यात लाज नव्हती. दरबारी थाट आणि मूळची ओळख, ही दोन्ही त्याच्या मस्तकावर एकत्र नांदत होती.

वार्धक्य आणि शोक यांतही केस बोलतात, पण त्यांचा विस्तार येथे करीत नाही. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एकच गोष्ट नोंदवितो: चित्रलिपीत केसांच्या बटांचे जे चिन्ह 'केस' या शब्दापुढे येते, तेच 'शोक' या शब्दापुढेही येते. प्रेतयात्रेच्या चित्रांत स्त्रिया केस मोकळे सोडून तोंडावर ओढून घेतात, कपाळावर धूळ टाकतात. तेथे मालकीण आणि दासी यांत फारसा भेद उरत नाही. पांढऱ्या केसांची भीती मात्र श्रीमंतांना अधिक असावी. इ. स. पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स वैद्यकग्रंथात केस काळे राहावेत म्हणून काळ्या जनावराचे रक्त, टक्कल पडू नये म्हणून सिंह, पाणघोडा, मगर, मांजर यांची चरबी असे उपाय आहेत. सवतीमत्सराने ग्रासलेल्यांसाठी नावडत्या स्त्रीचे केस गळावेत याचाही उपाय त्यात आहे! उलट देर अल-मदिना येथील पाशेदू या कारागिराने आपल्या कबरीत नातलगांच्या रांगा रंगवून घेतल्या, त्यांत काळे, करडे आणि पांढरे असे तिन्ही केस निःसंकोचपणे दाखविले आहेत. घरातली म्हातारी माणसे म्हातारी दिसण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आता राहिले ते ज्यांनी कबरी रंगवून घेतल्या नाहीत ते. श्रीमंतांच्या भिंतींवर शेतकरी, गुराखी, कोळी दिसतात ते अर्धवट टक्कल पडलेले, हनुवटीवर दाढीचे खुंट वाढलेले, केस विस्कटलेले. मालक मात्र बाजूलाच टोप घालून, काठी टेकून निश्चल उभा असतो. मेन्ना नावाच्या जमीन-अधिकाऱ्याच्या कबरीत शेतात सांडलेली कणसे वेचणाऱ्या दोन मुली एकमेकींच्या झिंज्या उपटीत भांडताना रंगविल्या आहेत. चित्रकाराला, आणि बहुधा मालकालाही, त्यात मौज वाटली. मूठभर धान्यासाठी झिंज्या धरण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांना ती मौज वाटत नसावी.

एवढ्यावर थांबलो असतो तर गरिबांच्या केसांविषयी श्रीमंतांचेच मत आपण प्रमाण मानून बसलो असतो. सुदैवाने अलीकडच्या उत्खननांनी दुसरी वाट मोकळी केली. हिएराकोन्पोलिस येथेच, नार्मेरच्याही कित्येक पिढ्या आधीच्या श्रमिकांच्या दफनभूमीत, इ. स. पू. ३४०० च्या आसपासच्या एका स्त्रीच्या मस्तकावर स्वतःच्या केसांत दुसरे केस गुंफून उभारलेली उंच केशरचना सापडली आहे; पांढरे केस मेंदीने रंगविल्याचे उदाहरणही तेथे आढळले आहे. आपल्याकडे ज्याला गंगावन म्हणतात, त्याचे हे जगातील अत्यंत जुन्या उदाहरणांपैकी एक होय. ते राणीच्या डोक्यावर मिळालेले नाही.

दुसरे उदाहरण अमार्ना येथील. आखेनातेनने इ. स. पू. चौदाव्या शतकात ही नवी राजधानी वसविली आणि ती पंधरा-वीस वर्षांतच ओस पडली. नगर उभारण्यासाठी राबलेल्या साध्या लोकांची दफनभूमी २००६ सालापासून काही वर्षे उकरण्यात आली. सांगाडे पाहणाऱ्यांना खुरटलेली वाढ, अपुऱ्या आहाराच्या खुणा, ओझी वाहून पिचलेले मणके आढळले. नेफेर्तितीच्या नगरीची ही दुसरी बाजू कोणत्याही भिंतीवर रंगविलेली नव्हती. अनेक कवट्यांवर केस शिल्लक होते, आणि योलांदा बोस या संशोधिकेने त्यांचा बारकाईने अभ्यास केला. काहींचे केस अगदी कुरळे व काळे, काहींचे सरळ व तपकिरी. बारीक वेण्या घातलेले, कानांभोवती वळविलेले, चरबी चोपडून जागच्या जागी बसविलेले. कित्येकांच्या केसांत गंगावने होती, आणि काही गंगावनांत करड्या व काळ्या अशा दोन्ही रंगांचे केस एकत्र वळलेले होते, म्हणजे ते एकाहून अधिक माणसांच्या डोक्यांवरून आले असावेत.

त्यांतील एका स्त्रीस मसाले भरून ममी बनविलेले नव्हते. तेवढी ऐपत तिच्या माणसांची नव्हती; तिला केवळ चटईत गुंडाळून वाळूत ठेवले होते. तिच्या मस्तकावर निरनिराळ्या थरांत, निरनिराळ्या उंचीवर बसविलेली सुमारे ७० गंगावने मोजली गेली. ही केशरचना केवळ दफनासाठी केली की ती हयातीतही अशीच मिरवीत होती, असा प्रश्न बोस यांनी उपस्थित केला आहे, आणि त्यांचा कल ती हयातीतही वापरात असावी याच बाजूला आहे. कसेही असले तरी ७० गंगावने एका बैठकीत, एकटीने, स्वतःच्या डोक्यावर बसविता येत नाहीत. आरसा धरून बसलेली कावित राणी आणि तिची दासी आपण पाहिली. येथे दासी नव्हती. आई, बहीण, मुलगी, शेजारीण, कोणीतरी तिच्या मागे तासन् तास बसलेले होते.